शितळा सातमीचा बंद डाव

पत्ते खेळताना समोरचीच्या तोंडाकडं बघणारी बाई हमखास हरते, असं माझी आई म्हणायची. तोंड काय, कसंही करता येतं. आपण बायका लग्नातही रडतो आणि मयतीलाही रडतो. त्यातलं खरं किती हे ज्याचं त्याला ठाऊक. बघायचं ते चिंचोक्यांकडं. कोणी कधी किती टाकले, मागं एकदा असेच टाकले होते तेव्हा तिच्या हातात काय निघालं होतं, आणि आज त्यात एका चिंचोक्याचा का होईना फरक का पडला. आईचं माहेर सुरतेकडचं, तिकडं बायकांना हा नाद फार. नंदुरबारहून सासरी येताना तिनं मला चार लुगडी दिली आणि हे शहाणपण दिलं. लुगडी केव्हाच विरली.

खेळ म्हणजे आपला तीन पानी. प्रत्येकीला तीन पानं. मध्ये एक काशाची थाळी, तिच्यात आधी सगळ्यांनी एकेक चिंचोका टाकायचा. मग ज्याला वाटेल त्यानं पानं न बघता खेळावं, त्याला बंद खेळणं म्हणतात. ज्यानं पानं उचलून बघितली त्याला मात्र दुप्पट टाकावे लागतात. दम नसेल तर पानं टाकून मोकळं व्हावं. शेवटी दोघंच उरले की कोणीही म्हणावं, दाखव. दाखवायला कोणी सांगितलंच नाही आणि बाकीचे सगळे पळाले, तर जो उरला तो जिंकला. त्याच्या हातात काय होतं ते विचारायचा हक्क मग कोणालाही राहत नाही.

डाव सुरू होतो तेव्हा समोरचीच्या हातात काहीही असू शकतं. पहिली चाल पडली की त्यातलं बरंच गळून जातं. दुसरीला आणखी. शेंगा चाळणीत घालून हलवत राहिलं की माती खाली पडते आणि वर शेंगाच उरतात, तसं डोक्यात हलवत राहायचं. हातात काही नसताना भरपूर असल्यासारखं खेळायचं, त्याला हूल देणं म्हणतात. हूल देणाऱ्याची अडचण एकच, आपल्याकडं काही नाही हे त्याला स्वतःला माहीत असतं. ते माहीत असणं कुठून तरी बाहेर येतंच. जो बंद खेळतो त्याला मुळी काही माहीतच नसतं, म्हणून त्याला हूल देता येत नाही. पुढं जे घडलं ते समजायला एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

माझं सासर तापीकाठी, प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला. घर गुजरांचं. कापूस, केळी, चार बैलजोड्या. घरात गुजरी आणि अहिराणीची खिचडी बोलली जायची, त्यातली अहिराणीच मला नीट आठवते. तेव्हा दुसरी लढाई सुरू झाली नव्हती.

श्रावणात वद्य सातमीला आमच्याकडं शितळामाता. आदल्या दिवशी रांधून ठेवायचं, आणि सातमीला चूल पेटवायची नाही. चूल सारवून, तिची पूजा करून गार ठेवायची. का, तर माता त्या दिवशी घरोघर फिरते आणि अंगाची आग निववायला चुलीतल्या राखेत लोळते. एखादीची चूल गरम निघाली आणि मातेचं अंग पोळलं, तर त्या घराचं बरं होत नाही. मी शिकलेली, चौथी पास, नंदुरबारची. मी मनात हसायची. पण सातमीच्या सकाळी स्वयंपाकघरात शिरले आणि ती गार, काळी, सारवलेली चूल दिसली की माझाही आवाज आपोआप उतरायचा.

चूल नाही म्हणून बायकांना काम नाही, आणि काम नाही म्हणून पत्ते. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. पैसा लावायचा नाही, चिंचोकेच. आणि आमच्या घरची एक रीत होती जी मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. घरचं जे माणूस त्या दिवशी परगावी असेल, त्याचा पाट मांडायचा आणि त्याला पानं वाटायची. गावाला गेलेल्याचं पान म्हणायचे त्याला. ते कोणी उचलून बघायचं नाही. घरातलं एक जण त्याच्या वतीनं बंद खेळायचं. नणंद सासरी असली तर नणंदेचं, नवरा सुरतेला कापूस घेऊन गेला असला तर नवऱ्याचं. मेलेल्या माणसाला मात्र पान नाही. त्याचा पाट उचलून ठेवायचा.

थोरल्या दिरांचा चेहरा मी कधी नीट पाहिला नाही. त्यांच्यासमोर पदर कमरेपर्यंत. पण त्यांचा खेळ मला तोंडपाठ होता, कारण माजघराच्या दाराशी माझी बसायची जागा, आणि ओसरीवरच्या थाळीत पडणारा चिंचोका न् चिंचोका मला ऐकू यायचा. श्रावणात पावसाची झड लागली की पुरुष रोज खेळायचे. डाव उघडला की कोणीतरी मोठ्यानं ओरडायचं, ‘काय निघनं, काय निघनं,’ आणि मी आतल्या आत पडताळा घ्यायची. हातात चांगली पानं असली की दीर भरभर आणि एकसारखे टाकायचे. हूल द्यायची असली की एक, मग पुन्हा एक, मग धाडकन मूठभर. त्यानंतर थांबायचे. त्या थांबण्यात समोरचा घामाघूम व्हायचा. आणि मग एकच चिंचोका, अगदी हळू, थाळीच्या काठाला लागेल असा. टिण्ण. समोरचे बहुतेक वेळा पानं टाकून द्यायचे. मला दाराआड बसून हसू फुटायचं. मी त्यांच्यासमोर असते तर एकदाही सोडलं नसतं.

मग एका श्रावणात प्रकाशाजवळ पुरात होडी उलटली. दीर त्यात होते. बरोबरच्या तिघांची प्रेतं खाली आमच्याच घाटापाशी लागली. दिरांचं लागलं नाही. पागोटं सापडलं, काटेरी झुडपाला अडकलेलं.

त्यांची बायको, माझी थोरली जाऊ, हिला मी जिजी म्हणायची. उंच, सावळी, कमी बोलणारी. मूलबाळ नव्हतं. तिचं काय होणार हे सगळ्या घराला माहीत होतं, कारण ते घरातच मागच्या खोलीत बसलेलं होतं. आमच्या चुलत सासूबाई. कोवळ्या वयात विधवा झालेल्या, तेव्हापासून गोठ्याला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत. त्यांचं ताट वेगळं, वाट वेगळी. दळण आणि शेण एवढंच त्यांच्या हाताला होतं. सणाच्या दिवशी उंबऱ्याच्या अलीकडं यायचं नाही. त्यांच्या खोलीला लागून आणखी एक तशीच रिकामी खोली होती, आणि पूर ओसरल्यापासून ती कोणीतरी झाडून ठेवली होती.

वर्षभर घर असंच अधांतरी लटकलं. जिजी कुंकू लावत होती, बांगड्या घालत होती, आणि कोणी काही म्हणायला धजत नव्हतं. श्रावण पुन्हा जवळ आला तसे सासरे म्हणाले, आता पुरे. प्रकाशाला ब्राह्मणाकडून दर्भाचा पुतळा करवून घ्यायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि ज्याचं त्याचं मार्गी लावायचं. ज्याचं त्याचं म्हणजे जिजीचं. सातमीच्या सकाळी सासरे आणि माझा नवरा ब्राह्मणाशी ठरवायला निघाले, तेव्हा सासूबाई ओसरीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

‘आज सातम शे. कौल मी लिसु,’ त्या म्हणाल्या. ‘शेवटना डाव त्याना. त्यानं पान जितनं ते मन्हा आंडोर जित्ता शे. मंग वरीसभर पुतयानं नाव कोणी काढानं नही. हारनं ते तुम्हले करनं ते करा.’

आंडोर म्हणजे मुलगा; तो जित्ता की मेला हे आता पानं ठरवणार होती. देवाच्या कौलाला नाही म्हणणारं ते घर नव्हतं. ‘बरं,’ सासरे म्हणाले आणि छत्री उघडून गेले. माझा नवरा जाताना माझ्याकडं बघून डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. सांभाळून घे, असं असावं. नवऱ्यांचं बरं असतं, सांगून निघून जाता येतं.

दुपारी आम्ही बसलो. बाहेर झड लागलेली. भर दुपार असून माजघरात संध्याकाळसारखा उजेड. ओसरी रिकामी. एरवी सातमीला तिथून गलका यायचा, आज फक्त पागोळ्यांचा आवाज, आणि त्याच्या मागं कुठंतरी तापीची घरघर. सासूबाई, मी, जिजी, आणि चौथा दिरांचा पाट, त्याची चाल आळीपाळीनं आम्हीच टाकायची. चुलत सासूबाई नेमाप्रमाणं मागच्या उंबऱ्याच्या पलीकडं, अंधारात बसल्या होत्या. फक्त त्यांचे गुडघे दिसत होते. गार चुलीच्या बाजूनं ओल्या राखेचा वास येत होता.

खेळता खेळता दुपार सरत आली. कोणाचं लक्ष नव्हतं. पण एक गोष्ट मला खटकू लागली, आणि एकदा खटकल्यावर ती जाईना. दिरांचं पान जिंकत होतं. एकदा, दोनदा ठीक. बंद पानं कधीमधी लागतातच. पण पाटासमोरची चिंचोक्यांची रास वाढत चालली, आणि त्या पाटावर तर कोणी नाही. मी मुद्दाम चांगल्या पानांवर जोर लावला, आणि उघडल्यावर त्यांची निघाली माझ्याहून एका पानानं मोठी. सासूबाईंच्या ओठांवर घामाचे थेंब दिसले. मी एक बारीकसा विनोद केला, ‘भाऊजी आज काय ऐकत नहीत,’ आणि माझाच आवाज ऐकून मला काटा आला. कोणी हसलं नाही.

शेवटच्या डावाला जिजीनं स्वतःचं पान घेतलं नाही. ती दिरांच्या पाटाशेजारी सरकून बसली आणि त्यांचे चिंचोके पदरात घेतले. आता खेळात तिघंच. सासूबाई, मी, आणि ते. सासूबाईंनी पानं वाटली. पाटावर तीन पानं पालथी पडली.

मी माझी उचलली. इस्पिकची सत्ती, अठ्ठी, नव्वी. एकाच रंगाची, लागोपाठ. वर्षातून एखाद्या वेळी लागतात अशी. दुसरा कुठला दिवस असता तर मी थाळी उचलून नाचले असते. त्या दिवशी नाही. मला ती पानं नको होती.

मी दोन चिंचोके टाकले. सासूबाईंनी पानं बघून तेवढेच टाकले. आता जिजी. तिनं एक चिंचोका टाकला. बंद खेळणारी टाकते तसा. पुन्हा फेरी आली. पुन्हा एक. तिसऱ्या फेरीला मी सवयीनं वाढवले, सासूबाईंनीही वाढवले, आणि जिजीनं पदरातून मूठ भरून थाळीत सोडली. थाळी घणघणली.

एक. एक. मूठ. माझ्या हातातली पानं तशीच राहिली. मी मान वर केली नाही. मी ऐकत होते. पागोळ्या पडत होत्या, नदी घरघरत होती, आणि माजघरात सगळं थांबलं होतं. अगदी तेवढंच थांबणं, जेवढं ओसरीवरून मी कित्येक डाव ऐकलं होतं.

टिण्ण.

मागच्या अंधारातून चुलत सासूबाईंचा आवाज आला. कोणी आलं की लहान मूल सांगतं तसा. ‘उना व माय,’ त्या म्हणाल्या. ‘उना.’

भीती माझ्या पायांच्या तळव्यांपासून वर चढली, हे मी आजही लपवणार नाही. क्षणभर मी खरोखर धरून चालले होते की मान वर केली तर पाटावर ओल्या धोतराचं माणूस दिसेल, आणि तो चेहरा तरी मला कुठं ओळखता येणार. मग आईच्या तालमीतलं डोकं आपलं आपण चालू झालं. ते कधी भ्यायला थांबत नाही.

ही चाल हुलीची होती. आणि बंद खेळणाऱ्याला हूल देता येत नाही. पानं तर पालथी होती, जिजीनं ती बघितली नव्हती, मग तिला कशाबद्दल एवढं पक्कं माहीत होतं? हातात काही नाही, हे तिला माहीत होतं. पत्त्यांचं नव्हे, माणसाचं.

मग मी डोक्यात चाळणी हलवू लागले. वर्षभराची जिजी मी चाळली. पुरानंतर ती रोज उजाडता घाटावर जायची, खालच्या वळणापर्यंत काठाकाठानं बघत जायची, आणि भाद्रपदातल्या एका सकाळनंतर एकदम जायची थांबली. ज्याची वाट बघतो त्याची वाट बघणं असं एका दिवसात थांबतं का? आणि त्याच आठवड्यापासून तिचं कुंकू मोठं झालं. आधी टिकलीएवढं असायचं, ते रुपयाएवढं झालं. दोन्ही हातांत बांगड्या जास्त दिसू लागल्या. आम्ही बायका म्हणायचो, बिचारीचा विश्वास बघा. विश्वास असलेली बाई अशी भर कशाला घालेल? चांगली पानं हातात असणारा एकसारखा खेळतो. मूठ टाकतो तो दुसराच.

दीर मेले होते, आणि जिजीला ते वर्षभर माहीत होतं. घरात ती एकटीच खेळत होती, सगळ्यांविरुद्ध, त्या मागच्या खोलीविरुद्ध. मी मान वर केली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, एक हात दुसऱ्या हातातल्या बांगड्यांवर घट्ट दाबलेला. ती माझ्याकडं बघत नव्हती. सासूबाईंकडं बघत नव्हती. ती थाळीकडं बघत होती आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

पाळी माझी होती. तीन पानी खेळणाऱ्या कोणालाही विचारा, ती पानं कोणी टाकून देत नाही.

‘मन्हा पानेस्मा दम नही, माय,’ मी म्हणाले आणि इस्पिकची ती तीन पानं पालथी घालून सरकवली.

आता दोघंच उरले. सासूबाई आणि पाट. सासूबाईंनी फक्त दाखव म्हणायचं होतं. त्यांनीच तर कौल लावला होता, आणि खरं जाणून घ्यायची आस त्यांच्याहून कोणाला जास्त? त्यांनी दोन्ही हातांत धरलेली पानं पुन्हा एकदा बघितली. मग त्या बराच वेळ पाटावरच्या पालथ्या पानांकडं बघत राहिल्या. एकदा हात पुढं केला. मला वाटलं, उचलतात. जिजीनं डोळे मिटून घेतले.

‘मन्हामा बी नही,’ सासूबाई म्हणाल्या आणि आपली पानं टाकली. पाटावरची तीन पानं न उघडता त्यांनी गड्डीत घातली आणि पिसायला लागल्या. पानं हातातून निसटून खाली पडत होती. ‘जितना,’ त्या गार चुलीकडं तोंड करून म्हणाल्या. ‘कौल दिधा मातानी.’

पानं गोळा करताना सासूबाईंची मी बघितली. एक्क्यांची जोडी होती. बंद पानांसमोर एक्क्यांची जोडी कोणी सोडतं का? आणि ती पाटावरची तीन पानं काय होती हे मला कधीच कळलं नाही. आज एवढी म्हातारी झाले तरी ती उलटून बघावीशी वाटतात.

संध्याकाळी सासरे आले, ऐकलं, ओले कपडे बदलले आणि दशमी-दही खायला बसले. मी जिजीला गोठ्यापाशी गाठलं. नुसती उभी राहिले. तिला कळलं की मला कळलं.

‘वळणवर, झाडना मुयास्मा अटकेल व्हता,’ ती गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. ‘करदोडावरतीन वयखा. मी काठी लिधी अन् धारमा लोटी दिधा.’

मुळांत अडकलेलं आपल्या नवऱ्याचं प्रेत तिनं करदोड्यावरून ओळखलं, स्वतःच्या हातानं सोडवलं आणि धारेला लावलं, कोणाला सापडू नये म्हणून. हे ती सांगत असताना शेजारच्या खोलीत चुलत सासूबाईंचं जातं फिरत होतं. सातमीला दळायचं नसतं, पण विधवेला कोण सांगतो. मला तिचा राग यायला हवा होता. खरं सांगते, आला नाही. मी तिचा हात धरून उभी होते.

‘चाल भारी टाकी, जिजी,’ मी म्हणाले. काहीतरी बोलायचं म्हणून. ‘हुबेहूब त्येस्नी. शेवटना एक बी.’

तिनं मान फिरवून माझ्याकडं बघितलं. ‘मी बी दारआडतीनच शिकनू,’ ती म्हणाली. ‘दोन मी टाकात. मूठ बी मीच टाकी. मंग मन्हा हातच उचलेना. तो एक मी नही टाका, धाकली. माले वाटनं तू टाका.’

मी टाकला नव्हता. सासूबाईंचे दोन्ही हात पानांवर होते, असं मी छातीला हात लावून सांगू शकते. निदान मी बघितलं तेव्हा तरी होते. चुलत सासूबाई उंबऱ्यापलीकडं. आम्ही दोघी गोठ्यात एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो. जातं फिरायचं थांबलं होतं.

आठमीला, म्हणजे गोकुळाष्टमीला, उजाडता मी घाटावर पाणी आणायला गेले. पाऊस थांबला होता, तापी काठोकाठ, पिवळी. खालच्या पायरीवर सासूबाई बसल्या होत्या, डोक्यावरून पदर, एकट्या. मांडीवर दिरांची चिंचोक्यांची पिशवी, काल जिंकलेली. मी वरच थांबले. त्यांनी एक चिंचोका काढून पाण्यात टाकला. मग आणखी एक. मग मूठ भरली आणि सोडली. त्यानंतर त्या थांबल्या. पाण्यात पडलेल्याचा आवाज काही येत नव्हता, पण मी श्वास धरून ऐकत होते. मग त्यांनी शेवटचा एक हळूच सोडला आणि हात जोडले.

मी आलेय हे त्यांना मागं न बघताच कळलं. ‘न्हाना व्हता तवय फार घाई करे,’ त्या नदीला सांगावं तसं म्हणाल्या. ‘थांबानं मीच शिकाडेल व्हतं त्याले.’

त्यांना उठवायला हात दिला. उभं राहताना त्यांचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. एका रात्रीत त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या.

जिजी अंगणात तुळशीपाशी होती. आमचे पाय ओले, सासूबाईंच्या हातात रिकामी पिशवी उलटी लटकलेली. जिजीनं ती पिशवी बघितली, सासूबाईंचे डोळे बघितले, आणि तिथंच चिखलात खाली बसली. वर्षभरात तिच्या डोळ्यांत मी पाण्याचा टिपूस पाहिला नव्हता. त्या सकाळी ती नवऱ्यासाठी रडली. तोंडात पदर कोंबून, आवाज न करता, सबंध अंग हलत होतं.

ओसरीवर सासरे येऊन उभे राहिले. शेजारचं दारही उघडलं. सासूबाईंनी आत जाऊन करंडा आणला. जिजीच्या हनुवटीला धरून तिचं तोंड वर केलं आणि पुसटलेलं कुंकू आपल्या बोटानं पुन्हा रुपयाएवढं लावलं. बोट थरथरलं नाही.

‘सणना दिवस कसाले रडस, पोर?’ सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं त्या म्हणाल्या. ‘मन्हा आंडोर गावले गयेल शे.’